कोणाला न सांगितलेला सिनेमा

खोली दाखवायच्या आधी काकांनी माझी चप्पल उलटी करून पाहिली.

मी भिलाईत, रुआबांध्याला त्यांच्या फाटकाबाहेर उभी होते. एका हातात सुटकेस, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग. फाटकाला आतून दोन कुलपं. त्यांनी एकही उघडलं नव्हतं. सळयांमधून हात बाहेर काढून ते म्हणाले, "चप्पल दे." मी बावचळून एक काढून दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तळ पाहिला.

"वर्ध्याहून आली म्हनते. मंग ही लाल माती कुठली?"

"स्टेशनवरून येताना लागली असन, काका. अर्धा रस्ता पायी आली जी."

"पायी कावून?"

"रिक्षावाल्यानं भलत्याच सेक्टरमध्ये उतरवून दिलं."

"हे पटते," ते म्हणाले आणि कुलपं उघडली.

पुढे लक्षात आलं, ज्या गोष्टीत कोणीतरी कोणाला फसवलेलं असतं ती काकांना लगेच पटायची. बाकी सगळ्या गोष्टींना पुरावा लागायचा.

मी भिलाईत आले होते ती एका कोचिंग क्लासचे व्हिडिओ कापायला. दिवसभर फिजिक्सच्या सरांचे खोकले काढून टाकायचे, सुट्टीच्या दिवशी लग्नं शूट करायची. वरची खोली माझी, खाली काका एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला. तो व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा काका त्याला आधी फोन खोलीभर फिरवायला लावायचे. "मांगं कोन हाय ते दाखव." मागे कोणी नसायचं, नुसता वाळत घातलेला टॉवेल. मग म्हणायचे, "हां, बोल आता."

उभी नोकरी त्यांनी प्लांटमध्ये रुळांच्या तपासणीत काढली होती. तयार रूळ वरून गुळगुळीत, आत कुठे केसाएवढी भेग आहे का ते यंत्र लावून पाहायचं, आणि शंका आली की रूळ बाजूला काढायचा. निवृत्त झाले, पण ती सवय काही निवृत्त झाली नाही. दुधाची पिशवी उजेडापुढे धरून पाहणार. वांगी घेताना भाजीवाल्याला एक तिथंच चिरायला लावणार. घरी दोन पेपर यायचे, एक इथला हिंदी आणि एक नागपूरचा मराठी, तोही शिळा. एकच बातमी ते दोन्हीत ताडून बघत. फरक निघाला की त्यांचा दिवस चांगला जायचा. आणि मोबाईलमध्ये फोटो. नातवंडांचे नाहीत. गल्लीत उभ्या राहिलेल्या अनोळखी गाड्यांच्या नंबरप्लेटचे, कुरिअरवाल्यांचे, मीटर बघायला आलेल्या माणसाच्या बुटांचे.

"गोड बोलून राहिला ना कोनी," ते मला सांगत, "तर दोन पावलं मांगं सरकाचं."

मी स्वतः गोड बोलायचं बंद केलं तेव्हा कुठे ते माझ्याशी बोलायला लागले.

तर अशा माणसानं एक दिवस माझ्या दारावर थाप मारली आणि विचारलं, "तुह्या कॅमेऱ्यात आवाज बी येते काय?"

"येतो ना. कावून?"

ते आत आले, खिडकी लावली, आणि खुर्ची ओढून बसले. "मले पिच्चर काढाचा आहे. मोठा. लग्नासारखा नाही. गावातला, शेतातला. एक पोरगी आहे, ते लहान असते आन मंग मोठी होते."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं. "छान आहे की. गोष्ट काय आहे?"

"ते तुले काहाले पाह्यजे?"

"अहो काका, मी शूट करनार ना!"

"कॅमेऱ्याले गोष्ट समजत नाही. तू फक्त मी सांगन तिकडं धर."

नाव तेवढं सांगितलं, तेही जरा वेळानं: बियासी. छत्तीसगढमध्ये धान पेरतात, ते हातभर वाढतं, बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, पावसाचं पाणी साचतं, आणि मग त्या उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पीक गेलं. चांगली हिरवी रोपं उपटतात, आडवी होतात, सगळा चिखल. आठवड्याभरात तीच रोपं परत उभी राहतात, पहिल्यापेक्षा दाट. त्या नांगरणीला बियासी म्हणतात. वर्षातून एकदाच होते, आणि पाणी साचलं असेल तरच.

गोष्ट कागदावर लिहायची नाही, कारण कागद चोरीला जातो. फोनवर बोलायचं नाही, कारण फोन ऐकतात. कोण ऐकतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त मुंबईच्या दिशेनं बोट करायचे.

जामुलच्या सिमेंट कारखान्यापलीकडे, कुरुदच्या अंगाला सरकत चाललेल्या शहराच्या जरा बाहेर, एक गाव त्यांनी हेरून ठेवलं होतं. तिथं जायचं म्हणजे त्यांच्या जुन्या स्कूटरवर, सुपेल्याच्या पुलाखालून, माझ्या मांडीवर ट्रायपॉड. त्या गावात एकच बैलजोडी उरली होती. बाकी सगळी शेती ट्रॅक्टरवर. बैल होते एका म्हाताऱ्याचे, त्यांना सगळं गाव बबा म्हणायचं, म्हणजे आजोबा. काका बैलांसाठी बबांकडे गेले आणि तिथं त्यांना हिरॉइन सापडली.

मी हजर होते. शेजारच्या घरातून एक पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. दहावीतली असेल. हाताला काळं ग्रीस. काकांनी विचारलं, "बेटा, नाम क्या है?"

ती म्हणाली, "पहले आप बताओ, आप कौन?" आणि तांब्या मागेच धरला.

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हेच पोरगी."

तिचं नाव खिलेश्वरी. तिचे वडील गावातले खटपटी गृहस्थ, स्वतःचा ट्रॅक्टर, तो दुसऱ्यांच्या शेतातही चालवायचे. आधी त्यांनी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग 'बघू' म्हटलं. शेवटी मी बाईमाणूस बरोबर आहे म्हणून तयार झाले. पण पहिल्या दिवसापासून त्यांचा एक डोळा काकांवर. आणि काकांचे दोन्ही डोळे त्यांच्यावर.

शूटिंग म्हणजे असं: काका एकेकाला बाजूला घेणार, तोंडावर हात धरणार म्हणजे कोणाला ओठ वाचता येऊ नयेत, आणि कानात फक्त त्याचं त्याचं सांगणार. "इथून चालत जा, विहिरीपाशी थांब, मागे पाहू नको." का थांबायचं, मागं काय आहे, काही नाही. खिलेश्वरीनं एकदा विचारलं, "मैं रो क्यों रही हूँ?" काका म्हणाले, "बेटा, तू रो मत. आँख में पानी आने दे, बस."

आणि नवल म्हणजे तिच्या डोळ्यात पाणी आलं. व्ह्यूफाइंडरमधून मी पाहत होते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या म्हाताऱ्याच्या डोक्यात खरोखरच काहीतरी आहे.

वडिलांना सिनेमात वडिलांचंच काम होतं. त्यांनी खाटेवर बसायचं, मुलगी समोरून जाते, तिच्याकडे पाहायचं नाही. एवढंच.

"क्यों नहीं देखना?" त्यांनी विचारलं.

"बस, मत देखो."

"मैंने कुछ गलत किया है क्या?"

"वो बाद में पता चलेगा."

झालं. तो माणूस त्या रात्री जेवला नाही म्हणे. खिलेश्वरीनं मला सांगितलं, बाबूजी घरी आईला सारखं विचारताहेत, या फिल्ममध्ये माझ्यावर कसला आळ येणार आहे?

एवढ्यावर भागलं असतं, पण काका चुना घेऊन आले. प्रत्येकानं नेमकं कुठं उभं राहायचं ते ठरवायला ते स्टीलच्या टेपनं बांधाबांधानं मापं घ्यायचे आणि चुन्याच्या फुल्या मारायचे. फोकस चुकू नये म्हणून. माझा कॅमेरा आपोआप फोकस करतो, हे मी सांगून पाहिलं. त्यांचा आपोआप होणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर भरवसा नव्हता.

आता विचार करा. शहर दोन कोसांवर आलेलं. आजूबाजूच्या शेतांवर प्लॉट पडू लागलेले. अशा गावात एक परका मराठी माणूस येतो, बांध मोजतो, चुन्यानं खुणा करतो, आणि गोष्ट काय म्हणून विचारलं तर सांगत नाही. बायका तळ्यावर बोलायच्या, ते मी कानांनी ऐकलं: "फिलिम बनावत हे, के जमीन नापत हे?"

आणि फुल्या पुसल्या जायला लागल्या. आदल्या संध्याकाळी मारलेली खूण सकाळी गायब. काका बांधावर उकिडवे बसून बोटानं माती चाचपत.

"पाह्यलं? आपल्या मांगावर आहे कोनीतरी."

"पावसानं गेली असन, काका."

"कालपासून थेंब तरी पडला काय? आन पाऊस काय मोजून फुलीच पुसते?"



त्यातच पांढऱ्या गाडीचा प्रकार झाला. आम्ही तळ्याकाठी होतो. एक पांढरी गाडी धूळ उडवत येऊन थांबली, आतून चकचकीत बुटांचा एक माणूस उतरला. काकांना नमस्कार केला, बाजूला नेलं, बराच वेळ हसून हसून बोलला, आणि कार्ड दिलं. काकांनी ते कार्ड खिशात ठेवलं.

"कोन होता?" मी विचारलं.

"कोनी नाही."

त्या दिवशी परत येताना त्यांच्या पाठीमागे स्कूटरवर बसून मी पहिल्यांदा नीट विचार केला. हा माणूस मला गोष्ट सांगत नाही. बांध मोजतो. आणि आता प्लॉटवाला वाटावा अशा माणसाचं कार्ड खिशात. माझ्याच कॅमेऱ्यात त्या गावाची एकूण एक शेतं, रस्ते, विहिरी भरलेल्या होत्या. क्लासमधल्या एका ओळखीच्यानं सांगितलं की तिकडं नवीन कॉलनी होणार अशी बोलवा आहे. मग तर माझी झोपच गेली. जो माणूस जगावर संशय घेतो, त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. सगळ्यात चांगली लपायची जागा हीच नाही का, असं मला वाटायला लागलं.

फुल्या पुसणाऱ्याला पकडायचं काकांनी ठरवलं. मला पहाटे उठवलं, आणि उजाडता उजाडता आम्ही गावाबाहेर बेशरमाच्या झुडपांमागं जाऊन बसलो. डास फोडून खात होते. जरा वेळानं बांधावरून एक माणूस आला, हातात खराटा. इकडं तिकडं पाहिलं आणि फुली झाडायला लागला. खिलेश्वरीचे वडील.

काका झुडपातून उठले. "अच्छा! तो आप हो!"

वडील दचकले, पण खराटा खाली टाकला नाही. "और आप झाड़ी में क्या कर रहे हो, सुबह-सुबह?"

दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे राहिले. दोघांनाही वाटत होतं, चोर सापडला.

त्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. काकांना मध्ये खुर्ची दिली, मला बाजूला बाक. खिलेश्वरी खांबाआड, आईजवळ. वडिलांनी सरळ सांगितलं: मुलगी उद्यापासून कामाला येणार नाही. आधी बोला, जमीन कोणासाठी मोजताय? पांढऱ्या गाडीवाला कोण? आम्ही आंधळे नाही.

मी मान खाली घातली. हेच प्रश्न मला विचारायचे होते.

आणि बियासी तोंडावर आली होती. बांध्यांत पाणी साचलं होतं, दोन-चार दिवसांत नांगर फिरणार. तो प्रसंग राहिला तर वर्षभर थांबावं लागणार, आणि वर्षभरात खिलेश्वरी ही खिलेश्वरी राहिली नसती. त्या वयाच्या पोरी वर्षात वीतभर वाढतात. सिनेमा तिथंच संपला असता.

काकांनी खिशातून फोन काढला, उघडला आणि बबांच्या हातात दिला. "देख लो. गाडी का नंबर उसमें है. उस आदमी का मुँह भी है. मेरे को बोला, गाँव वालों को समझाओ. मैंने कार्ड रख लिया, सबूत है करके."

फोन हातोहात फिरायला लागला. पांढऱ्या गाडीची नंबरप्लेट निघाली. ती सरकवली तर पुढे सरपंचाची मोटरसायकल. मग खिलेश्वरीच्या वडिलांचा ट्रॅक्टर, पुढून आणि मागून. शाळेच्या मास्तरांचा डबा. बबांचा डावा बैल. कोणाचे बूट, कोणाची सायकल, आणि शेवटी माझी चप्पल, उलटी.

आधी एक बाई फिस्सकन हसली. मग सगळा व्हरांडा हसायला लागला. काका एकटे गंभीर. बबांनी डोळे पुसले आणि निवाडा दिला, "दलाल मन मीठ-मीठ गोठियाथें. ये तो सबो झन ला चोर समझथे." दलाल गोड बोलतात, हा तर सगळ्यांनाच चोर समजतो, हा दलाल असूच शकत नाही.

पण वडील हसले नव्हते. "ठीक है. फिर कहानी बताओ. पूरी."

काका एकदम आक्रसले. "कहानी बताई, तो चोरी हो जाएगी."

मागून कोणी बाई म्हणाली, "हमन कहाँ ले जाबो तोर कहानी ला?"

आम्ही कुठं नेणार तुझी गोष्ट? काकांनी तोंड उघडलं, मिटलं.  ते खुर्चीवरून उठले, चष्मा काढला, घातला, आणि व्हरांड्याच्या मधोमध उभं राहून सांगायला लागले.

गावात एक मुलगी असते. शाळेत जाते, तळ्यावर पोहते, मैत्रिणीशी भांडते. बाप आजारी पडतो, खाट धरतो. बांधीत बियासीचं पाणी साचतं. नांगरायला कोणी येत नाही, ज्याची त्याची घाई. पाणी ओसरलं तर पीक गेलं. काका कधी मुलगी होत होते, कधी बाप, कधी बैलसुद्धा. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मुलगी शाळेच्या कपड्यातच बैल जुंपते. बाईनं नांगराच्या मुठीला हात लावला तर पाऊस रुसतो, असं आमच्या वर्ध्याकडेही मानतात, इकडेही मानतात. ती तरी मूठ धरते.

"फिर लड़की ने बैल हाँके," काका म्हणाले, आणि त्यांचा हात हवेत मूठ धरल्यासारखा झाला. "लड़की ने... ताईनं मुठीले हात घातला. मी धुऱ्यावर उभा होतो. चिखल पार तिच्या गुडघ्यापर्यंत. माह्याकडं पाह्यलं आन म्हने, कोनाले सांगू नको..."

ते थांबले. शब्द मराठी निघाले होते, हे त्यांना जाणवलं असावं. गावातल्या कोणाला काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घसा खाकरून परत हिंदीत आले. बाप खाटेवरून मुलीला परत येताना बघतो. अभिमान वाटू द्यावा की लाज, हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून तो तिच्याकडे बघतच नाही.

"अच्छा," खिलेश्वरीचे वडील पुटपुटले. "इसलिए नहीं देखना था." आणि खाली बसले.

 मग नांगराची गोष्ट निघालीच. सिनेमात असो की खऱ्यात, पोरगी मूठ धरणार म्हणजे धरणार, आणि पाऊस काही कॅमेरा बघत नाही. वाद झाला. कोणी म्हणालं, ट्रॅक्टर तर ती चोरून चालवतेच की. वडिलांनी खांबाकडे डोळे वटारून पाहिलं. शेवटी बैलवाले बबाच बोलले. मूठ पोरीची, कासरा माझा. बैल मी चालवणार, म्हणजे नांगर मीच धरला, हिशेब देवापाशी मी देईन. काकांना कासरा फ्रेममध्ये नको होता. मी म्हटलं, मी फ्रेम तिच्या हातांपाशीच कापते. तेवढ्यावर मिटलं.

परत येताना काकांनी स्कूटर हळू केली. "तिथं बोलता बोलता मी काही... तू काही ऐकलं काय?"

"नाही जी, काका."

"बरं."

थोडं पुढं गेल्यावर परत म्हणाले, "खरंच नाही?"

"बाई लोक बोलून राहिल्या होत्या बाजूले. ऐकू नाही आलं."

ते नक्कीच पटलं नसणार. पण त्यांनी पुरावा मागितला नाही.

बियासीच्या दिवशी सगळं गाव बांधावर. पाणी पिंढरीपर्यंत. खिलेश्वरीनं मूठ धरली, बबा पुढं कासरा धरून. मी पाण्यात उभी, कॅमेरा तिच्या हातांवर. बैल चालले. अर्ध्या बांधीत बबांचा पाय घसरला, आणि ते सपशेल चिखलात बसले. कासरा सुटला. बैल थांबले नाहीत. खिलेश्वरीनं एकदा बबांकडे पाहिलं, एकदा पुढं, आणि दात आवळून मूठ दाबली. फाळ जमिनीत उतरला. नांगराचं ते पूर्ण तास तिनं एकटीनं ओढलं, बांधापर्यंत. रोपं दोन्ही बाजूंना आडवी पडत गेली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बबा चिखलातूनच ओरडले, "मोर हाथ लगे रिहिस!" माझा हात लागला होता! कोणी त्यांना दुजोरा दिला नाही.

त्यानंतर पाऊस गेला.

एक दिवस गेला, दोन गेले, मग ऊनच पडायला लागलं. बियासी झाल्यावर बांधीत पाणी टिकावं लागतं, नाही तर उपटलेली रोपं धरत नाहीत. खिलेश्वरीच्या वडिलांनी माझा फोन उचलणं बंद केलं. काका पाऊस-बिऊस रुसतो हे मानणारे नव्हते. लोखंडाच्या आतलं बघण्यात जन्म गेलेला माणूस. पण ते सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन उभे राहायला लागले. दोन्ही पेपरांतला हवामानाचा अंदाज ताडून बघायचे, आणि फरक निघाला तरी खूश व्हायचे नाहीत. जेवण अर्धं टाकायचे. एकदा म्हणाले, "तवाबी असंच झालं होतं," आणि कधी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग एका दुपारी आभाळ भरून आलं आणि रुआबांध्यात कोसळायला लागला. मी खाली धावत गेले. काका अंगणात भिजत उभे, पण चेहऱ्यावर आनंद नाही.

"काका, आला ना पाऊस!"

"इथं आला. तिथं आला ते कसं समजाचं?"

"अहो, एवढं आभाळ आहे!"

"आभाळाचं काय खरं?" ते म्हणाले, स्कूटर काढली, आणि धो धो पावसात जामुलकडे निघून गेले. अंधार पडायला आला तेव्हा परतले. नखशिखांत भिजलेले, बूट चिखलानं भरलेले. दारातच उभे राहून मोबाईल पुढं केला. पाण्यानं भरलेल्या बांधीचा फोटो. बाजूला पुराव्यासाठी बबा उभे.

"पडून राहिला तिथंबी," ते म्हणाले, आणि चारदा शिंकले.

मी सिनेमा कापला तो त्यांच्या देखरेखीखाली, माझ्या खोलीत, खिडकी लावून. ते माझ्या पाठीमागे बसायचे. शेवटच्या प्रसंगाला नेहमी उठून पाणी प्यायला खाली जायचे.

धान कापून झाल्यावर गावात दाखवला. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर, माझ्या क्लासमधून आणलेला प्रोजेक्टर. सगळं गाव चादरीकडे तोंड करून, आणि काका चादरीच्या बाजूला खुर्ची टाकून गावाकडे तोंड करून. त्यांनी सिनेमा पाहिलाच नाही. एकेक चेहरा तपासत बसले. लोक आपापली घरं ओळखून ओरडत होते, बैल दिसले तेव्हा बबांच्या पाठीवर थापा पडल्या. पण नांगराचा प्रसंग आला तशा थापा थांबल्या. खाटेवरचा बाप मुलीकडे बघत नाही, आणि पडदा काळा.

कोणी उठेना. मग खिलेश्वरीच्या वडिलांनीच विचारलं, "आगे क्या होता है?"

काका गोंधळले. या प्रश्नाची त्यांनी तयारी केली नव्हती. "आगे... मालूम नहीं मेरे को."

"लड़की का क्या हुआ फिर?"

काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, ताईचं पुढं काय झालं ते त्यांना मालूम आहे. तेवढ्यात पोरींच्या घोळक्यातून खिलेश्वरी उभी राहिली.

"मैं बतावँ?" ती म्हणाली.  "टूरी ह आईटीआई जाथे. टेक्टर मैकेनिक सीखथे. दसवीं के बाद. भिलाई में."

सिनेमातली मुलगी आयटीआयला जाते, ट्रॅक्टर मेकॅनिक शिकते. सगळ्या गावासमोर. वडील तिच्याकडे बघत राहिले. ते घरी याला सहा महिन्यांपासून नाही म्हणत होते, कारखान्याच्या ट्रकांचा रस्ता आहे म्हणून, हे मला नंतर कळलं. इथं त्यांना नाही म्हणता येईना. डोळे फिरवता येईनात. सगळं गाव त्यांच्याकडेच बघत होतं, ते मुलीकडे बघतात की नाही ते.

"घर चल," ते शेवटी म्हणाले. "गोठियाबो." बोलू. पण उठताना त्यांनी तिच्या डोक्यावरची पालापाचोळ्याची काडी काढून टाकली.

ती आता आयटीआयला आहे. वर्गात मुली दोनच. रस्त्याची धास्ती वडिलांनी स्वतःच सोडवली. फाट्यापर्यंत ट्रॅक्टरवर आणून सोडतात, ट्रॅक्टर तीच चालवते. काकांचा सिनेमा कुठल्या महोत्सवाला गेला नाही. मी खूप सांगून पाहिलं, पण पाठवायचा म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा. मी नोकरी बदलून रायपूरला आले तेव्हा त्यांनी माझ्या बॅगाही तपासल्या, कॉपी तर नेत नाही ना म्हणून.

त्या रात्री सिनेमा दाखवून आम्ही परत निघालो. जामुलच्या कारखान्याच्या अलीकडे काकांनी स्कूटर बाजूला घेतली, बंद केली, आणि मागे वळले.

"खरं सांग. ते आयटीआयचं तू शिकवलं काय तिले?"

"नाही जी, काका. शप्पथ."

"मास्तरनं?"

"मास्तर तर झोपले होते."

"मंग तिले कसं सुचलं?"

"तिचं तिलेच सुचलं असन."

 सिमेंटचे ट्रक एकामागून एक अंगावर धूळ टाकत गेले. काकांनी रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मग बराच वेळ डोळेच पुसत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं.

"मुद्दामच केलं तिनं," ते म्हणाले. "सगळे बसले होते तवाच बरोबर उठली. बापाले नाही म्हनता येऊ नये म्हनून." आणि स्कूटरला किक मारता मारता, स्वतःशीच बोलल्यासारखं, "बेरकी आहे पोरगी. लय बेरकी आहे. काही नाही होत तिले."